जनावरांची पाणंद आणि आपला सातबारा

(वाळूज येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



बैठक कापसाच्या भावासाठी बोलावली, विम्यासाठी बोलावली, आणि आम्ही उभे राहिलो ते वाघ-हरणांवर बोलायला. तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, यांना आज झाले काय? ज्वारी हरणांनी खाल्ली, मका डुकरांनी लोळवला, आणि हे त्यांचीच वकिली करायला आले की काय?

वकिली करायची आहे, पण ती तुमचीच. सरकारी कागदांत एक शब्द वारंवार येऊ लागला आहे. कॉरिडॉर. मराठीत त्याला भ्रमणमार्ग म्हणतात, संचारमार्ग म्हणतात. एका अभयारण्यातून दुसऱ्या अभयारण्यात जनावरांना जाता यावे म्हणून जोडून ठेवायची वाट. शब्द चांगला आहे. पण आजवरचा आपला अनुभव काय? नवा शब्द मुंबई-दिल्लीत जन्माला येतो, आणि त्याचा अर्थ आपल्याला कळतो तो थेट नोटीस दारावर चिकटल्यावर. या वेळी तसे होऊ नये. हा शब्द आधी आपण समजून घेऊ, त्यात आपला फायदा-तोटा काय तो पाहू, आणि मग आपली अट आपणच सांगू.

पाणंद म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको

गावात पाणंद कशासाठी असते? शेत कितीही चांगले असले तरी तिथे बैलगाडी जायला वाट नसेल तर त्या शेताची किंमत निम्मी. शिवरस्त्यावर कोणी धुरा कोरला, पाणंद बुजवली, तर आपण तहसीलदाराकडे जातो. जमीन महसूल संहितेत कलम १४३ त्यासाठीच आहे. जमीन एकाची, पण वाट वहिवाटीची, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो.

जनावरांची गोष्ट वेगळी नाही. आपल्या कन्नडच्या डोंगरातले गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. बुलडाण्याचे ज्ञानगंगा सुमारे २०५. यवतमाळचे टिपेश्वर तर जेमतेम दीडशे. नकाशावर ही हिरवी ठिगळे मोठी दिसतात, पण वयात आलेल्या एका नर वाघाला स्वतःची हद्द लागते. बापाच्या हद्दीत त्याला जागा नसते. तो निघतो. निघायला वाट हवी.

आणि वाट नसली तर? हे आपण गोठ्यात पाहतो. एकाच वळूवर वर्षानुवर्षे गोठा चालवला तर वासरे खुजी होतात, रोगट होतात. शहाणा शेतकरी बाहेरून वळू आणतो. रानातल्या जनावरांना वळू आणून देणारा कोणी नाही. त्यांचे त्यांनाच चालत जावे लागते. चारी बाजूंनी कोंडलेले अभयारण्य म्हणजे दावणीला बांधलेला, एकाच रक्ताचा कळप. आज ना उद्या तो संपणार. जोडरस्ता का हवा, याचे सगळे शास्त्र एवढ्यात आले.

वाघ कुठून चालला?

आता खरी हकीकत ऐका. टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ पट्टा बांधला होता. तो कुठे जातो ते पट्ट्यावरून कळत होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये तो घर सोडून निघाला. तेलंगणातले अदिलाबाद, मग आपले नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे करीत डिसेंबरच्या सुरुवातीला तो ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. चाल झाली होती सुमारे १३०० किलोमीटर. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढेपर्यंत तो एकूण ३००० किलोमीटरच्या वर चालला होता. त्याचे नाव ‘वॉकर’ पडले.

मार्च २०२१ मध्ये आपल्या गौताळ्यात कॅमेऱ्याने वाघ टिपला. कित्येक दशकांत तिथे वाघ दिसला नव्हता. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा कळले की हाही टिपेश्वरचाच. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ निघाला. तोही टिपेश्वरचा. त्याने बार्शीकडच्या शेतकऱ्यांची जनावरे मारली. २०२५ च्या सुरुवातीला त्याला पकडायला पथके आली, पण तो हाती लागला नाही.

आता आमचा प्रश्न असा की, हे वाघ कुठून चालले? टिपेश्वर ते गौताळा सलग जंगल आहे काय? नाही. मध्ये आहे तुमच्या-आमच्यासारख्यांची कपाशी, तूर, सोयाबीन, ज्वारी. मध्ये आहेत ओढे, नाले, नदीकाठची बाभूळबने, पडीक माळ आणि गायराने. दिवसा तो नाल्याच्या झुडपात किंवा उभ्या पिकात पडून राहिला आणि रात्री चालला. खाल्ले काय? रानडुक्कर खाल्ले आणि शेतकऱ्याचे जनावरही खाल्ले. एवढ्या मोठ्या प्रवासात माणसाशी त्याची गाठ पडली ती जवळजवळ एकदाच. तो झुडपात पडलेला असताना लोक घोळक्याने आत शिरले आणि त्यात एक जण जखमी झाला.

म्हणजे ज्या कॉरिडॉरवर दिल्लीत चर्चा चालते तो कुठल्या खात्याने बांधलेला नाही. तो कोरडवाहू शेतकऱ्याने आजवर फुकट दिला आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. या वाढीचे श्रेय घेणारे पुष्कळ आहेत. त्यात कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव कुठे वाचल्याचे आम्हांला आठवत नाही.

आपल्या जिल्ह्यातली वाट कुठे तुटते?

आपल्याकडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर अजिंठा-गौताळ्याचा डोंगर. खाली पैठणचा नाथसागर, तोही १९८६ पासून पक्षी अभयारण्य. या दोघांच्या मध्ये आपण. डोंगरातून खाली गोदावरीकडे येणाऱ्या वाटा कोणत्या? शिवना नदी आणि तिचे ओढे. जटवाड्याच्या डोंगरातून निघून शहरातून वाळूजकडे येणारी खाम. पाणी ज्या वाटेने उतरते त्याच वाटेने कोल्हा, लांडगा, तरस, बिबट्या उतरतो. ओढ्याकाठची झाडी हाच त्याचा आडोसा.

आता या वाटांवर काय काय उभे राहिले ते मोजा. १९८० च्या दशकात या वाळूजला एमआयडीसी आली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मग पंढरपूर, रांजणगाव, जोगेश्वरीच्या शिवारात वस्ती वाढली. पलीकडे शेंद्रा आणि बिडकीन मिळून नव्या औद्योगिक नगरीसाठी सुमारे १०,००० एकर जमीन गेली. डोंगराच्या पायथ्याजवळून समृद्धी महामार्ग गेला. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. कन्नडचा घाटरस्ता तर थेट गौताळ्यातून जातो.

जमीन आपली गेली आणि वाट त्यांची गेली. वाट तुटली म्हणून जनावर थांबत नाही, ते आडवाटेला लागते. डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ भागात बिबट्या शिरला होता. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत पुन्हा बिबट्या कॅमेऱ्यात दिसला. शहरात बिबट्या आला की पथक येते, पिंजरे लागतात, बातम्या लागतात. शेतवस्तीवर आला की ‘काळजी घ्या’ असा निरोप येतो. हा भेद आम्ही मुद्दाम सांगतो आहोत.

आपली भीती खोटी नाही

आता दुसरी बाजू. जोडरस्ता म्हटला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा का येतो? त्याला कारण आहे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर-अहिल्यानगर भागात अभयारण्य जाहीर केले, ते तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचे! त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठा आल्या. खरेदी-विक्री अडली, बांधकामे अडली. माणूस आपल्याच जमिनीवर परवानगी मागत हिंडू लागला. अखेर ते क्षेत्र कमी करून सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आणि इतके करून माळढोक वाढला का? तो कमी-कमीच होत गेला. माळ मोडून ऊस झाला, गवत गेले, पक्षी गेला. कागदावर मोठी रेघ मारल्याने पक्षी वाचत नाही आणि शेतकरी मात्र मरतो, हा नान्नजचा धडा आहे.

दुसरी भीती पिकाची. नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. काळवीट हद्द पाहून चरत नाही. वैजापूरच्या शेतकऱ्याला विचारा. कोवळी कपाशी कोण खुडते, हरभऱ्याचे घाटे कोण खाते? रोही आणि डुकरे यांचे तर सांगायलाच नको. ज्वारी हुरड्यात आली की बाप माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवतो. त्याच रात्री त्याचा मुलगा इथे वाळूजच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसलेला असतो. दोघेही जागतात. मुलाला महिन्याला पगार मिळतो. बापाच्या जागलीची मजुरी कोणत्या हिशेबात धरली जाते? ज्वारीच्या हमीभावात ती धरतात काय?

समजा, हुरड्यापासून काढणीपर्यंत चाळीस रात्री जागल करावी लागली. एका रात्रीला वॉचमनची जी मजुरी असेल ती लावा आणि चाळीसने गुणा. नंतर कोरडवाहू ज्वारीच्या एकरी उत्पन्नाशी ताडून पाहा. हा हिशेब घरी जाऊन कागदावर मांडा. ज्वारी का मोडली आणि लोक सोयाबीनकडे का वळले, याचे एक उत्तर त्यात सापडेल. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला, कडबा गेला म्हणजे गोठा गेला.

कायदा काय म्हणतो?

कायदा नीट वाचला तर त्यात आपल्या उपयोगाचे बरेच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००२ च्या दुरुस्तीने त्यात दोन नव्या गोष्टी आल्या. एक, संवर्धन राखीव क्षेत्र. हे सरकारी जमिनीवर करायचे, अभयारण्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांसाठी, आणि तिथल्या लोकांशी चर्चा करून. दोन, समुदाय राखीव क्षेत्र. हे खाजगी किंवा गावाच्या जमिनीवर, पण लोक स्वतःहून पुढे आले तरच. म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर शेतकऱ्याच्या संमतीवाचून असे राखीव क्षेत्र होऊ शकत नाही.

२००६ च्या दुरुस्तीत आणखी दोन कलमे आली. व्याघ्र प्रकल्प आणि त्यांना जोडणारे पट्टे पर्यावरणाला न पेलणाऱ्या कामाकडे वळवायचे नाहीत. सार्वजनिक हितासाठी वळवायचेच तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला लागतो. आणि वाघांचा आराखडा करताना तिथल्या लोकांची शेती, उपजीविका आणि विकास यांचे हित जपलेच पाहिजे, असेही त्यात लिहिले आहे. लक्षात घ्या, शेतकऱ्याचे हित जपा हे कायद्यातच आहे. ते आपण मागायला गेलो तर भीक मागत नाही.

मग वाटेत अडथळा कोणाचा? कोरडवाहू शेतकऱ्याच्या धुऱ्याने वाघ अडत नाही. अडतो तो चौपदरी रस्त्याने, कालव्याने, कुंपणाच्या भिंतीने. त्याला उपाय आहे आणि तो आपल्या राज्यात करून पाहिला आहे. नागपूरच्या पुढे पेंचमधून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. तिथे रस्ता उंच करून खालून जनावरांना जायला नऊ ठिकाणी मोकळी जागा ठेवली. सर्वांत मोठी ७५० मीटर रुंद. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर कॅमेरे लावून पाहिले, तर १८ जातींची जनावरे खालून गेली. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते आणि ते ८९ वेळा गेले. वाट ठेवली तर जनावर तीच धरते, हे त्यावरून सिद्ध झाले. समृद्धी महामार्गावरही असे पूल आणि भुयारे ठेवली आहेत. पण ज्या गावात भुयाराच्या तोंडाशी खडी पडली असेल, ढाबा आला असेल, तिथे ते भुयार नकाशापुरतेच उरते. आपल्या गावाजवळचे भुयार जाऊन पाहा आणि मोकळे नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून पाठवा.

वाट मोकळी झाली म्हणजे पिकाचे नुकसान थांबेल, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. डुक्कर पिकातच वाढते आणि पिकातच राहते. चंद्रपूरकडे वाघांच्या हल्ल्यात माणसे मरतात, तेही डोळ्याआड करता येत नाही. पण एवढे खरे की, जिथे गायरान, गवत आणि ओढ्याची झाडी सगळी संपली तिथे हरणाला आणि रोह्याला आपल्या पिकाशिवाय जागाच उरली नाही. आणि डुकराला मारून खाणारे जनावर ज्या वाटेने येते ती वाट तुटली तर डुकराला रान मोकळेच आहे.

आपल्या मागण्या

म्हणून जिल्ह्याच्या वतीने या मागण्या मांडाव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली. आपल्या जिल्ह्यातला कोणताही भ्रमणमार्ग गट नंबरांसह मराठीत गावाच्या चावडीवर लागला पाहिजे, ग्रामसभेत चर्चिला गेला पाहिजे. शेतकऱ्याच्या संमतीशिवाय सातबाऱ्यावर एकही शेरा चढता कामा नये.

दुसरी. मार्गासाठी आधी सरकारी जमीन, वन जमीन आणि नदी-नाल्यांचे काठ धरावेत. गायरानावर पोट भरणाऱ्या भूमिहीनाला उठवून वाघाला वाट काढू नये.

तिसरी. ज्याच्या शेतातून वाट जाते त्याला नुकसान झाल्यावर भरपाई मिळते, पण जागलीचा आणि कुंपणाचा खर्च त्याच्याच अंगावर राहतो. तो खर्च वर्षाला ठरावीक रकमेने मिळाला पाहिजे. पाणंद सर्वांची असेल तर खर्चही सर्वांचा.

चौथी. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान धरले जाईल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे हे राज्याने ठरवायचे आहे. त्या यादीत आपला जिल्हा, आणि डुक्कर, रोही, हरीण ही तिन्ही नावे असली पाहिजेत.

पाचवी. रानडुक्कर आणि रोही हे कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर त्यांच्याबाबत परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने वन अधिकाऱ्याला दिला आहे. तो अधिकार फायलीत न कुजता वेळेत वापरला जावा.

आणि आपले काम

मागण्या मांडणाऱ्याचे हातही स्वच्छ हवेत. चार गोष्टी आपण करू शकतो.

कुंपणात थेट वीज सोडू नका. त्यात डुकरापेक्षा आपलाच सालगडी, आपलाच पोरगा मरतो, आणि नंतर जेलही होते. सौर कुंपणाचा झटका वेगळा. तो हाकलतो, मारत नाही. एकेकट्याने न घेता सलग शेतांनी मिळून घेतले तर खर्चही कमी पडतो.

विहिरीला कठडा बांधा. उघड्या विहिरीत बिबट्या पडतो, लांडगा पडतो, आणि आपले लेकरूही पडते. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून जनावर घसरते, म्हणून एका कोपऱ्यात दोराची जाळी सोडा. खर्च थोडा आहे.

ओढ्याकाठची झाडी अखेरच्या फुटापर्यंत नांगरू नका. तिथे माती धरून राहते, पाणी मुरते आणि जनावराला जायला वाटही राहते. ओढा कोरून मिळणारे दोन तास पहिल्या मोठ्या पुरात वाहून जातात.

नुकसान झाले तर रडत बसू नका. तीन दिवसांच्या आत वन खात्याला लेखी कळवा, फोटो काढा, पंचनाम्याला उभे राहा, पोच घ्या. वाघ किंवा बिबट्या दिसला तर त्याच्यामागे घोळक्याने धावू नका. त्याला जायचेच असते.

भावांनो आणि मायबहिणींनो, जाणाऱ्याला वाट द्यावी, ही आपल्या गावची जुनी रीत आहे. पालखीला देतो, मेंढपाळाच्या कळपाला देतो, परक्या गावच्या वऱ्हाडाला देतो. वाघाला आणि हरणालाही आपण ती देत आलो. यापुढेही देऊ. पण वाट देणारा मालक कोण, हे सरकारने कागदावर मान्य करावे आणि त्याचे मोल चुकवावे. तेवढा ठराव आज इथून करू या, आणि पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावच्या ओढ्यांची, भुयारांची आणि उघड्या विहिरींची यादी घेऊन येऊ या.